सूतिकागृहाचे दगड

एकदा एक व्यापारी होता. जुन्या गोष्टींतले व्यापारी बैलांचे तांडे घेऊन परमुलखात जात आणि परतताना मोती, मसाले व थोडेफार शहाणपण घेऊन येत. हा व्यापारी एका वातानुकूलित परिषदेला गेला आणि परतताना हरित इमारतीची कल्पना घेऊन आला. गावच्या पेठेत त्याला दुकानांचे मोठे संकुल बांधायचे होतेच. आता ते हरित असणार होते. हरित म्हणजे रंगाने नव्हे. इमारत वीज किती वाचवते, पाणी किती जिरवते, कामात निघालेला राडारोडा फेकून न देता पुन्हा वापरात आणते की नाही, या सर्वांना गुण असतात. गुणांची बेरीज पुरेशी झाली की प्रमाणपत्र मिळते. थोड्या गुणांना रौप्य, अधिक गुणांना सुवर्ण. शालेय जीवनात शेठजींनी गुणपत्रिकेकडे फारसे लक्ष दिले नव्हते. ती कसर भरून काढण्याची संधी त्यांना साठीत मिळाली आणि त्यांनी सुवर्णाचाच ध्यास घेतला.

संकुलाची जागा जुन्या सूतिकागृहाची होती. पाटीवर सूतिकागृह, गाव त्याला बाळंतिणीचा दवाखाना म्हणे. काळ्या घडीव दगडाच्या भिंती, चुन्याने भरलेल्या दरजा, वर मंगलोरी कौले. शेपा-ओव्याच्या धुरीचा वास रस्त्यापर्यंत येई आणि सायकलवरची पुरुषमंडळीही तिथे नकळत हळू होत. दर्शनी बाजूला एक लांब दगडी ओटा होता. बाप होऊ घातलेल्या माणसाला त्या काळी आत मज्जाव असे. त्याने ओट्यावर बसावे, बिडी ओढावी आणि आतल्या आवाजांचा अर्थ लावीत राहावे, एवढेच त्याच्या हाती असे. कैक पिढ्यांच्या काळजीने त्या ओट्याची कड गुळगुळीत झाली होती. पुढे हमरस्त्यावर मोठे रुग्णालय झाले, तसे हे मागे पडले, मग बंद झाले, आणि शेवटी विश्वस्तांनी ते शेठजींना विकले. गावाला फार वाईट वाटले. वाईट वाटणाऱ्यांपैकी एकाचीही सून अलीकडे तिथे बाळंत झालेली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

प्रमाणपत्राचे काम शेठजींनी शलाका नावाच्या तरुण अभियंता मुलीकडे सोपवले. तिने नोकरी सोडून स्वतंत्रपणे घेतलेले हे पहिलेच काम. शेठजींनी तिला मोकळेपणाने सांगितले होते, "पोरी, सुवर्ण आणलंस तर पुढची दोन संकुलं तुझी. नाही आणलंस तर शहरातली मोठी कंपनी आहेच." म्हणजे सुवर्ण आले तर ती स्वतःच्या पायावर उभी राहणार होती आणि रौप्य आले तर पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली.

अहवालावर एका अनुभवी अभियंत्याची सही लागे. त्यासाठी ती अण्णांकडे गेली. अण्णा सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. शलाका शिक्षणानंतर दोन वर्षे त्यांच्याकडे शिकली होती आणि त्यांनाच आपले गुरू मानत होती. अण्णा स्वतःला कोणाचेच गुरू मानत नसत. ते म्हणत, "मी फक्त उभा राहून बघतो. लोकांना वाटतं, काहीतरी कळतंय."

शलाकाने कामाची शिस्त उत्तम बसवली होती. यंत्राने भिंत पाडायची, ट्रक भरायचा, वजनकाट्यावर तोलायचा आणि गावाबाहेरच्या खडी केंद्रावर पाठवायचा. तिथे मोठे यंत्र दगडांचा चुरा करी. त्या चुऱ्याचे ठोकळे पडत. केंद्र प्रत्येक खेपेची शिक्का मारलेली पावती देई. लोखंड भंगारात, त्याची पावती. सागवान वखारीत, त्याची पावती. फेकलेले काही नाही. पुनर्वापराची टक्केवारी रोज चढत होती आणि तिच्याबरोबर शलाकाही.

अडथळा होता तो एकच. फाटकावर माणसे येत.

पहिल्या आल्या द्रौपदा नर्सबाई. पंचवीस-तीस वर्षे त्यांनी त्या दवाखान्यात काढली होती. काठी टेकत त्या आत शिरल्या आणि म्हणाल्या, "ओट्याचा एक दगड द्या हो मला. दारात ठेवीन. गुडघे दुखतात, बसायला बरा."

"आजी, तसा देता येत नाही," शलाका म्हणाली. "जे बाहेर जाईल त्याची नोंद लागते. संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक..."

"नोंदणी क्रमांक? अगं, या गावातल्या निम्म्या लोकांच्या नाळा मी कापल्यात. त्यांना कोणाला क्रमांक दिला नव्हता. नावंसुद्धा बाराव्या दिवशी मिळाली."

शलाका हसली, पण दगड दिला नाही. नर्सबाईंनंतर समोरचा चहावाला इस्माईलचाचा आला, त्याला भट्टीखाली ठेवायला दगड हवा होता. एका बाईला धुणे आपटायला हवा होता. एक निवृत्त पोस्टमन आला. त्याला कशालाच नको होता, तरी हवा होता. सर्वांना शलाकाने नियम समजावून सांगितला. लोकांनी तो ऐकून घेतला. नियम ऐकून घेण्याची आपल्या लोकांना सवय असते. रोज सायंकाळी रिकाम्या हातांनी परतणारी माणसे आणि भरून जाणारे ट्रक एकाच फाटकातून बाहेर पडत.

काम निम्म्यावर आल्यावर अण्णा सहीआधीच्या पाहणीसाठी आले. त्यांनी सर्व कागद शांतपणे वाचले.

"सुरेख," ते म्हणाले. "आमच्या वेळी इतकं नीटनेटकं फक्त निलंबनाच्या आदेशात असायचं. चल, काम दाखव."

आवारात यंत्र ओट्याचे दगड उचलून ट्रकमध्ये टाकीत होते. अण्णा थांबले.

"हे कुठे चाललेत?"

"खडी केंद्रावर."

"हे घडीव दगड? चुरा करायला?"

"हो."

"अख्खा दगड कोणी तसाच वापरला, तर नियमात बसत नाही?"

"बसतो की! उलट अख्खा वापरला तर जास्त चांगलं. पण मग घेणाऱ्याचं पत्र हवं, वजन हवं, दगड कुठे बसवला त्याचा फोटो हवा. एकेका दगडामागे कोण फिरणार, अण्णा? केंद्राची पावती एका फटक्यात मिळते."

अण्णा ट्रकपाशी गेले आणि चालकाला म्हणाले, "बाळा, गाडी मागे घे आणि सगळा माल फाटकाबाहेर, कडेला, हळू ओत." चालकाने शलाकाकडे पाहिले. शलाकाने अण्णांकडे पाहिले. दगड फाटकाबाहेर उतरले. मग अण्णांनी चौकीदाराची खुर्ची मागून घेतली, ढिगाशेजारी मांडली आणि हात पुढे केला.

"तुझी वही दे. फोनही दे. संध्याकाळी परत मिळेल."

"म्हणजे?"

"आज काही लिहायचं नाही. फोटो काढायचा नाही. कोणाला नाव विचारायचं नाही. जो मागेल त्याला दगड द्यायचा."

"अण्णा, असा नोंदीशिवाय माल गेला, तर टक्के पडतील!"

"पडू देत."

"तुम्हाला काय! माझं पहिलं काम आहे हे!"

"म्हणूनच आलोय," अण्णा म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

शलाकाने वही आणि फोन त्यांच्या पिशवीत टाकला. टाकला म्हणण्यापेक्षा आपटला. रागाने ती फाटकाच्या खांबाला टेकून उभी राहिली. दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे तिला बघावे लागले.

बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. इस्माईलचाचा पहिला आला. त्याने आपल्यासाठी दगड घेण्याआधी नर्सबाईंसाठी एक निवडला. "हा नको, हा हालतोय. म्हातारी पडायची." धुण्याची बाई दोन शेजारणींना घेऊन आली आणि तिघींनी दगड फिरवून फिरवून, भाजी निवडावी तसा निवडला. "कडेचा घे गं, कडेचा. माझा नवरा रात्रभर या कडेला बसला होता. मुलगी झाली म्हटल्यावर तसाच घरी निघून गेला मेला." "आणि आता?" "आता तिच्याच घरी राहतोय. हा दगड तिच्याच दारात टाकते. बस म्हणावं परत." तिघी इतक्या हसल्या की दगड उचलता येईना. निवृत्त पोस्टमन आला आणि एका दगडावर नुसता बसून राहिला. कोणी त्याला उठवले नाही. काही वेळाने तो म्हणाला, "नेतो मग," आणि हातगाडी आणायला गेला.

दुपारी शेठजींची गाडी आली. रस्त्यावरचा बाजार पाहून ते गाडीच्या दारातूनच ओरडले, "हे काय चाललंय? माझा माल लुटताय दिवसाढवळ्या?"

"या शेठ," अण्णा म्हणाले. "चुरा करायला तुम्ही केंद्राला वर पैसे देत होता. हे लोक फुकट नेताहेत. यात लूट कोणाची झाली?"

"पण टक्के! सुवर्ण!"

"शेठ, तुमचा जन्म कुठला?"

"हा काय प्रश्न झाला?" शेठजी म्हणाले. मग आवाज थोडा उतरला. "इथलाच. आमचे वडील सांगायचे, मी फार उशीर लावला म्हणून."

ते ढिगाभोवती एक फेरी मारून आले. एका दगडावर त्यांनी बूट ठेवला, मग काढून घेतला.

"हा एक बाजूला ठेवा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आईसाठी. अजून विचारते, दवाखान्याचं काय केलंस म्हणून." गाडीत बसता बसता ते पुन्हा वळले. "आणि याची पावती करू नका."

सूर्य कलला तेव्हा ढीग संपला होता. अण्णांनी पिशवीतून वही आणि फोन काढून शलाकाच्या हाती दिले. तिचा राग ओसरला होता, पण प्रश्न उरला होता.

"अण्णा, दगड द्यायचे होते तर तसं सांगायचं. मी नावं लिहून घेतली असती. लिहू का दिलं नाहीत?"

अण्णा म्हणाले, "मी लहान असताना या गावात इमारत यंत्राने पाडत नसत. माणसं चढायची आणि जशी चढवली तशी खाली काढायची. आधी कौलं, मग वासे, मग भिंती. चुन्यातला दगड दोन ठोक्यांत मोकळा होतो. आणि आळीचा रिवाज होता, पहिला हात शेजाऱ्यांचा. कोणाच्या न्हाणीत, कोणाच्या गोठ्यात, तुळशीखाली, असा एकेक दवाखाना, एकेक शाळा गावात परत मिसळून जायची. त्याला कोणी हरित म्हणत नव्हतं. दगड चांगला आहे, टाकायचा कशाला, एवढाच विचार. पुढे लोक टाकायला लागले, म्हणून नियम आला की टाकू नका. नियम योग्यच आहे. पुरावा मागतात, तोही योग्य; माणसं खोटं बोलतात. पण बाळ, तू काय केलंस? अख्ख्या दगडाचा पुरावा गोळा करणं कठीण आणि चुऱ्याचा सोपा, म्हणून तू चांगल्या दगडाचा चुरा करायला निघालीस. ज्याच्यासाठी कागद आला, तेच कागदासाठी मोडलंस. आज वही हातात असती, तर तू वजनं पाहिली असतीस. माणसं पाहिली नसतीस. उद्यापासून खुशाल लिही, अगदी बारीक लिही. पण आधी दगड कुठे गेला ते पाहा. कागदाला त्याच्या मागून येऊ दे."

दुसऱ्या दिवशी शलाकाने यंत्र थांबवले आणि उरलेल्या भिंती उतरवायला गवंडी लावले. पाठोपाठ ती स्वतः दगडांच्या मागे गावात निघाली.

हे काम तिला वाटले होते त्याहून अवघड निघाले. नर्सबाईंनी दगडावर बसूनच फोटो काढून घेतला, तोही केस विंचरून आल्यावर. इस्माईलचाचाने सही केली आणि चहाही पाजला. पण पुढे माणसे बिचकू लागली.

"सही कसली? दगड परत न्यायला आलात का?"

"नाही काकू, फक्त तुमच्याकडे आहे एवढं लिहून द्यायचं."

"म्हणजे घरपट्टी वाढणार."

"नाही हो."

"सुरुवातीला सगळे नाहीच म्हणतात," काकू म्हणाल्या आणि दगडावर पोते टाकून त्याला झाकले.

पुष्कळ दगड सापडले, पुष्कळांचे कागद झाले. पण पहिल्या दिवशीचे, नोंदीशिवाय गेलेले बरेचसे दगड सापडेनात. कोणी टेम्पोतून नदीपलीकडे नेले होते, कोणी मुलीच्या सासरी पाठवले होते. शलाकाने अहवाल लिहिला. न सापडलेल्या दगडांपुढे 'गंतव्य स्थान' असा रकाना होता. तिने बराच वेळ विचार केला आणि लिहिले: गावात.

अण्णांनी ते वाचले आणि सही केली.

परीक्षकांचा शेरा महिन्याभरात आला. सदर रकाना अपूर्ण. मुदतीत पत्ते व पोहोच सादर करावी, अन्यथा गुण वजा होतील. ते गुण वजा झाले की सुवर्ण जात होते.

शेठजींचे व्यवस्थापक खटावकर मोठे तत्पर गृहस्थ. ते म्हणाले, "यात विचार कसला करताय मॅडम? मतदार यादी आणतो. पत्ते तयार, सह्या आमची मुलं करतील. आणि हे खोटंही नाही. दगड गावातच आहेत ना? वापरात आहेत ना?"

खटावकरांचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड होते. दगड खरोखरच वापरात होते. खोट्या सह्यांनी एक खरी गोष्टच सिद्ध होणार होती. शलाका दोन दिवस अस्वस्थ राहिली आणि शेवटी अण्णांकडे गेली. अण्णा अंगणात आळे करीत होते.

"तुम्ही त्या दिवशी मला लिहू दिलं असतं, तर आज हे झालं नसतं," ती म्हणाली.

"खरं आहे," अण्णा म्हणाले. "ते नुकसान मीच केलं. तू शिव्या दे, मी ऐकतो."

"शिव्या नको, सल्ला द्या. सह्या करू देऊ?"

"तुला काय वाटतं?"

"दगड वापरात आहेत, हे खरं आहे."

"आहे."

"पण कोणाकडे, ते मला माहीत नाही, हेही खरं आहे." ती म्हणाली. "आणि परीक्षक मला तेवढंच विचारताहेत."

अण्णांनी मान डोलावली आणि पुन्हा आळे करू लागले.

तिने परीक्षकांना उत्तर पाठवले: हे दगड नागरिकांनी आमच्या समक्ष नेले. त्या दिवशी नोंद ठेवली नाही, ही आमची त्रुटी. ते फेकले गेले नाहीत, याची आम्हांस खात्री आहे, पुरावा नाही.

गुण वजा झाले आणि रौप्य मिळाले. शेठजींनी प्रमाणपत्र चौकट करून प्रवेशद्वारात लावले, मात्र इतक्या उंचावर, की त्यावर रौप्य आहे की सुवर्ण हे खालून कळू नये. पुढची दोन संकुले शहरातल्या कंपनीला गेली. शलाकाने एका जुन्या कार्यालयात पुन्हा नोकरी धरली आणि सुटीच्या दिवशी लहानसहान घरांची कामे आपल्या हिमतीवर घेऊ लागली.

अशाच एका कामासाठी ती नदीपलीकडच्या वस्तीत गेली होती. दुपारची वेळ, ऊन चढलेले. एका अनोळखी घराच्या दारात काळा घडीव दगड मांडलेला होता आणि त्यावर बसून एक बाई तांदूळ निवडत होती. दगडाची एक कड गुळगुळीत होती. शलाकाचा हात सवयीने फोनकडे गेला. मग तिने तो मागे घेतला.

"मावशी," ती म्हणाली, "जरा बसू का इथे?"

"बस की," बाई म्हणाली आणि सूप मांडीवर घेऊन सरकली. "गार आहे दगड."